भीतीचा झटका आणि शाळा

शिवथरच्या खोऱ्यात पावसाचा जोर वाढला की ओढ्यांच्या आवाजात वर्गातील बोलणेही ऐकू येत नाही. याच महाड तालुक्यात जुलै २००५ मध्ये दासगाव व जुई येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरडी कोसळल्या. एकट्या तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा मुलखात मुसळधार पाऊस सुरू होताच एखादे मूल एकाएकी पांढरेफटक पडले, त्याची छाती धडधडू लागली, श्वास कोंडला आणि ‘मी मरणार’ असे ते म्हणू लागले, तर शिक्षकाने ते ढोंग समजू नये. बाधाही समजू नये. हा भीतीचा झटका, म्हणजेच पॅनिक अटॅक, असू शकतो.

संकट दिसताच ॲड्रेनलिन हे द्रव्य रक्तात उतरते व शरीर पळण्यास सिद्ध होते. झटक्यात हीच सिद्धता समोर संकट नसताना होते. जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायॉक्साइड घटतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात व घेरी वाटते. त्या मुंग्यांनीच मूल अधिक घाबरते. हा जोर बहुधा दहा मिनिटांत शिगेस पोहोचून ओसरू लागतो.

तोवर शिक्षकाने जवळ बसावे, गर्दी हटवावी आणि श्वास सावकाश, लांब सोडावयास सांगावे. तोंडावर कागदी पिशवी धरण्याची जुनी रीत आता सुरक्षित मानली जात नाही. घरी आजीने अंगारा लावला तर त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. दवाखाना मात्र चुकू नये. दमा, हृदयविकार, रक्तक्षय यांतही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून पहिल्या झटक्यानंतर वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे.

‘काही होणार नाही’ असे वचन शिक्षकाने देऊ नये. डोंगर खरोखरच कोसळला होता, हे मुलास ठाऊक असते. इशारा आल्यास कोठे जावयाचे, कोण बरोबर असेल, हे त्यास आधीच दाखवून ठेवावे. त्याचा आधार अधिक वाटतो.

झटके वारंवार येत असल्यास, किंवा मूल पावसात शाळाच टाळू लागल्यास, मानसोपचार घ्यावा. टाळल्याने तात्पुरते बरे वाटते, पण भय पक्के होते. म्हणून तज्ज्ञ विचारांची व वर्तनाची सवय पायरीपायरीने बदलवितात: प्रथम वर्गात बसून पाऊस ऐकणे, मग ओसरीवर उभे राहणे. काहींना औषधेही लागतात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात व ती मनाने बंद करू नयेत. जवळ तज्ज्ञ नसल्यास १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य सल्ला देते. हा क्रमांक पालकांना पावसाळ्यापूर्वीच्या सभेत लिहून द्यावा.