मॉडला कंपनीचा होकार

मार्च 2019 मध्ये सुरतच्या प्रशासनाने पबजी या खेळावर बंदीचा आदेश काढला. त्याच सुमारास राजकोटमध्येही असाच आदेश निघाला आणि तो मोडून मोबाइलवर खेळत बसलेल्या काही तरुणांना पोलिसांनी पकडलेसुद्धा. मुलांचा अभ्यास बुडतो, मुले हिंसक होतात, अशी कारणे तेव्हा दिली गेली. ती कितपत खरी, हा वाद वेगळा. मात्र ज्या खेळामुळे एका जिल्ह्याच्या प्रशासनाला लेखणी उचलावी लागली, तो कोणत्याही कंपनीच्या बैठकीत सुचलेला नव्हता. त्याचे मूळ एका हौशी चाहत्याने दुसऱ्याच्या खेळात केलेल्या फेरफारात आहे.

अशा फेरफाराला खेळाडू ‘मॉड’ म्हणतात. मूळ खेळ कंपनीचा. चाहता त्यात नवे नकाशे, नव्या गाड्या, नवी पात्रे घालतो, कधी नियमच बदलून टाकतो. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीत धरतो आणि तिचे रूपांतर करण्याचा हक्क मालकाकडे ठेवतो. म्हणजे परवानगीशिवाय केलेला मॉड हा बहुतेक वेळा मालकाच्या दुर्लक्षावर जगत असतो. दुर्लक्ष करायचे, बंद पाडायचे की ‘हा आमचाच’ म्हणून जवळ घ्यायचे, हे कंपनीला कधीतरी ठरवावेच लागते.

पबजीची वंशावळ प्रागपासून सुरू होते. तिथल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने 2009 मध्ये ‘आर्मा 2’ हा युद्धाचा खेळ काढला आणि तो बदलण्याची साधने खेळाडूंच्या हाती दिली. डीन हॉल या न्यूझीलंडच्या सैनिकाने ब्रुनेईच्या जंगलातल्या लष्करी प्रशिक्षणात भुकेचा अनुभव घेतला होता. त्यातून त्याने 2012 मध्ये ‘डेझी’ हा मॉड केला: गोळीपेक्षा भाकरी शोधणे महत्त्वाचे असलेला. काही महिन्यांत त्याचे खेळाडू दहा लाखांवर गेले. हा मॉड फुकट होता, पण खेळण्यासाठी मूळ आर्मा 2 विकत घ्यावा लागे. त्यामुळे तीन वर्षे जुना खेळ विक्रीच्या यादीत पुन्हा वर चढला. बोहेमियाने त्याच वर्षी डेझीचा स्वतंत्र खेळ करायचे जाहीर केले आणि काम हॉलच्याच हाती सोपवले.

डेझीचाही मॉड निघाला. ब्रेंडन ग्रीन हा आयरिश गृहस्थ तेव्हा ब्राझीलमध्ये छायाचित्रण आणि वेबसाइट डिझाइन करून पोट भरत होता. ‘बॅटल रॉयल’ या जपानी चित्रपटावरून त्याला या मॉडची कल्पना सुचली: बेटावर सगळ्यांना उतरवायचे, मैदान आवळत न्यायचे, शेवटी एकच उरला पाहिजे. ‘प्लेयरअननोन’ हे त्याने खेळाडू म्हणून घेतलेले टोपणनाव. सोनीच्या एका कंपनीने त्याच्याकडून या कल्पनेचा परवाना घेऊन ती आपल्या ‘एचवनझीवन’ या खेळात वापरली. पुढे दक्षिण कोरियाच्या ब्लूहोल कंपनीने त्याला बोलावून घेतले आणि मार्च 2017 मध्ये ‘प्लेयरअननोन्स बॅटलग्राउंड्स’ म्हणजेच पबजी बाजारात आला. मार्च 2018 मध्ये तो मोबाइलवर आला आणि वर्षभरात सुरतच्या आदेशात त्याचे नाव छापून आले. हौशी माणसाचे टोपणनाव सरकारी बंदीपर्यंत पोचल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

या साखळीत बोहेमियाने मॉड गाजण्याची वाट पाहिली नव्हती. साधने आणि त्यांच्या अटी आधीच दिलेल्या होत्या. पुढे तिने ‘मेक आर्मा नॉट वॉर’ ही पाच लाख युरो बक्षिसांची मॉड स्पर्धाही घेतली. लोक एरवी करणारच आहेत, ते आपल्या अंगणात करू द्या, हा त्यातला व्यवहार.

मान्यतेचे पदर मात्र अनेक असतात. ‘हाफ-लाइफ’ हा जुना खेळ चाहत्यांनी नव्याने बांधायला घेतला तेव्हा त्याच्या नावात ‘सोर्स’ हा शब्द होता. सोर्स हे व्हॉल्व्ह कंपनीच्या तंत्राचे नाव. लोकांना तो अधिकृत वाटू नये म्हणून व्हॉल्व्हने तो शब्द काढायला सांगितला, पण काम थांबवले नाही. राहिले ते ‘ब्लॅक मेसा’. 2012 मध्ये तो फुकट वाटला गेला, नंतर व्हॉल्व्हने पैसे घेऊन विकायलाही मुभा दिली आणि 2020 मध्ये तो पुरा झाला. ‘चालू द्या’, ‘आमचे नाव लावू नका’ आणि ‘विका’ ही तीन वेगळी उत्तरे आहेत आणि ती वेगवेगळ्या वर्षी देता येतात. ब्लिझर्ड कंपनीने आपल्या ‘वॉरक्राफ्ट 3’ या खेळात जन्मलेल्या ‘डोटा’ या मॉडबद्दल वेळीच काही ठरवले नाही. तो मॉड तेव्हा सांभाळणाऱ्या विकासकाला व्हॉल्व्हने 2009 मध्ये नोकरीला घेतले आणि मग नावावरून भांडण 2012 पर्यंत चालले.

कंपन्यांची भीती अगदीच निराधार नसते. 2005 मध्ये ‘जीटीए: सॅन अँड्रियास’च्या एका मॉडने रॉकस्टार कंपनीनेच खेळात दडवून ठेवलेला अश्लील भाग उघडा केला. अमेरिकेत त्या खेळाचा दर्जा ‘फक्त प्रौढांसाठी’ असा बदलला आणि दुकानांनी माल परत पाठवला. चूक कंपनीची, उघड करणारा चाहता. तरी त्यानंतर रॉकस्टार मॉडवाल्यांकडे संशयाने बघत राहिली. 2015 मध्ये तिने जीटीए 5 चा ‘फाइव्हएम’ हा मॉड करणाऱ्यांची खाती बंद केली. याच फाइव्हएमवर पुढे भूमिका वठवत खेळण्याची मोठी दुनिया उभी राहिली; भारतातले कितीतरी यूट्यूबर तिच्यावरच जगतात. ऑगस्ट 2023 मध्ये रॉकस्टारने त्याच लोकांना आपल्या कंपनीत घेतले. आठ वर्षे हातची घालवून, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरतच्या मराठी वस्त्यांना याहून जवळचा खेळ म्हणजे ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’, मुलांच्या तोंडी ‘बसिड’. इंडोनेशियाच्या मालेओ कंपनीने तो 2017 मध्ये काढला. त्यात बसचा रंग, म्हणजे ‘लिव्हरी’, स्वतः करता येते आणि स्वतः घडवलेली गाडीही चालवता येते. ही सोय कंपनीनेच दिलेली. लिव्हरी म्हणजे एक सपाट चित्र. बसच्या दोन्ही बाजू, तोंड आणि पाठ त्यावर उलगडून मांडलेली असतात. त्यावर लाल रंग चढवायचा, खिडक्यांखाली पट्टा ओढायचा, पाटीवर ‘सुरत-धुळे’ लिहायचे. मग गाडी मनातल्या मनात बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत कोंडाईबारीचा घाट चढायला मोकळी. खरे शौकीन नंबरप्लेटवर ओळखू येतात. सुरतच्या खासगी गाडीला ते जीजे 05 देतात, पण एसटीच्या लालपरीला धुळ्याचा एमएच 18 कधीच देत नाहीत. एसटीच्या बऱ्याच गाड्या महामंडळाच्या कार्यशाळांत बांधलेल्या असतात आणि त्यांचे क्रमांक दापोडीचे एमएच 14, चिकलठाण्याचे एमएच 20 किंवा हिंगण्याचे एमएच 40 असतात, हे त्यांना ठाऊक असते.

इथे मान्यतेचा प्रश्न दुहेरी होतो. मालेओने आपल्या खेळात गाडी घालायला हो म्हटले, पण एसटीचे बोधचिन्ह मालेओचे नाही. ते महामंडळाचे आहे. खासगी ट्रॅव्हल्सचे नाव त्या ट्रॅव्हल्सचे. खेळाची कंपनी देऊ शकते ती परवानगी फक्त स्वतःच्या मालाची. फुकट वाटलेल्या लिव्हरीमागे सहसा कोणी लागत नाही, उलट एसटीची ती जाहिरातच होते. खटके उडतात ते पैसा आला की. आज बरेच मॉड झिप फाइलमध्ये कुलूपबंद असतात आणि पासवर्ड व्हिडिओत मध्येच कुठेतरी सांगितलेला असतो, म्हणजे पोरांना अख्खा व्हिडिओ जाहिरातींसकट बघावा लागतो. दुसऱ्याने घडवलेले मॉडेल रंग बदलून स्वतःचे म्हणून खपवण्याचे प्रकारही चालतात आणि त्यात खरा कारागीर मागे पडतो.

कंपनीने मॉडला होकार द्यावा तो त्यातले सामान कुणाचे, हे कळल्यावर आणि पैसा कुणाला जाणार, हे लिहून ठेवल्यावर. खेळाडूंची संख्या त्यानंतर बघावी. बेथेस्डा कंपनीने 2015 च्या एप्रिलमध्ये आपल्या ‘स्कायरिम’ या खेळाचे मॉड पैसे घेऊन विकण्याची सोय अचानक सुरू केली, तेव्हा हेच आधी नीट ठरवलेले नव्हते. कुणाचे काम कुणाच्या मॉडमध्ये वापरले आहे, यावरून गदारोळ झाला आणि आठवडा उलटायच्या आत सगळे गुंडाळावे लागले.

घरातला मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर बसची लिव्हरी करत असेल, तर मॉडेल कुणाचे वापरले, हे फाइलसोबत लिहायला सांगा. त्याचे पैसे घेण्याचा विचार निघाला, तर आधी खेळाच्या अटींचे पान उघडून दोघांनी मिळून वाचा.