पहिलं गिऱ्हाईक

चहाचं दुकान म्हणजे काय? एक स्टोव्ह, एक किटली, दहा-बारा कपबशा आणि बसायला एक बाकडं. एवढ्याशा धंद्याने गावाचे काय भले होणार, असे पुष्कळांना वाटते. आपण जरा हिशेब करून पाहू.

चहाला दूध लागते. ते शेजारच्या शेतकऱ्याच्या म्हशीचे; त्याचा रतीब लागला. साखर वाण्याकडून येते. भजी तळली तर बेसन, कांदा, तेल आले. कपबशा विसळायला एक माणूस ठेवला, की आणखी एका घरची चूल पेटली. चहापत्ती लांबून, आसाम-निलगिरीकडून येते, तेवढा पैसा बाहेर जातो खरा. पण बाकीचा चार घरांत फिरतो.

मात्र पैसा फिरायला आधी गिऱ्हाईक यावे लागते. आणि गिऱ्हाईक नेहमी चहाची चव बघून येते असे नाही. पुष्कळदा ते मालकाची जात बघते.

कोल्हापूरची गोष्ट घ्या. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातले. पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी भर रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. तरी वरच्या जातीचे लोक तिकडे फिरकेनात. मग खुद्द महाराज दारात गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाच्या हातात तो कप पाहिल्यावर बाकीचे नाक कसे मुरडणार?

सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळू नये, असे हुकूम महाराजांनी 1919 साली काढले होते. पण कुणी कुठे चहा प्यावा, याचा हुकूम काढता येत नाही. तिथे स्वतः जाऊन बसावे लागते. महाराज 1922 साली वारले. पुढे कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभारायला आधी पुढे आले ते हेच गंगाराम आणि त्यांचे बांधव.

आज भांडवलाची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. 2015 साली निघालेल्या मुद्रा योजनेत धंद्यासाठी 50,000 रुपयांपर्यंतचे लहान कर्ज बँकेतून विनातारण मिळू शकते. (कागद पुरे करताना चार खेपा होतात, ते वेगळे.) पण बँक गिऱ्हाईक देत नाही. गावात एखाद्या बाईने शिलाईचे यंत्र घेतले, एखाद्या पोराने पंक्चरचे दुकान टाकले, तर त्यांची सकाळची भवानी कोण करतो ते बघा.

आणि भवानी रोखीची हवी, असे आम्ही आवर्जून सांगू. तालुक्याच्या मोठ्या दुकानात रोख मोजायचे आणि गावातल्या ओळखीच्या माणसाकडे ‘मांडून ठेव’ म्हणायचे, ही खोड आपल्याकडे फार. चहावाल्याची उधारी साठली की दूधवाल्याचे पैसे थकतात. रतीब तुटतो. मग कपबशा विसळणाऱ्यालाही घरी बसावे लागते.