नोंदी दहा हजार, कीज सहाशे!

‘फाइलीत ग्राहक किती?’ डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो या डेटाबेस भाषांच्या घराण्याला हा साधा प्रश्न विचारा. उत्तरं तीन-चार मिळतील, आणि सगळी बरोबर! नव्वदच्या दशकात ‘डॉस, वर्डस्टार, लोटस, फॉक्सप्रो’ अशी पाटी लावलेल्या क्लासात गेलेल्यांना यातली एखादी तरी गंमत आठवेल.

सगळ्यात चपळ उत्तर रेककाउंट()चं. चपळ, कारण ते मोजतच नाही! डीबीएफ फाइलीच्या पाचव्या ते आठव्या बाइटात नोंदींचा आकडा लिहिलेला असतो, तो वाचून दाखवतं. नोंदी दहा असोत की दहा लाख, वेळ तोच. फक्त त्यात डिलीट केलेल्या नोंदीही धरलेल्या असतात. डिलीट म्हटल्यावर नोंद जाते कुठे? तिच्या पहिल्या बाइटात एक चांदणी (*) पडते, एवढंच. ‘पॅक’ चालवेपर्यंत बाईसाहेब जागच्या हलत नाहीत आणि ‘रिकॉल’ म्हटलं की चांदणी पुसून पुन्हा हजर.

क्लिपर ५.३ मधलं ऑर्डकीकाउंट() मात्र इंडेक्समधल्या कीज, म्हणजे नोंदी ज्यावरून क्रमाने लावल्या ती मूल्यं, मोजतं. साध्या इंडेक्सवर दोघांचं उत्तर एकच. पण समजा, दहा हजार ग्राहकांच्या फाइलीवर फक्त नाशिककरांपुरता, ‘फॉर’ची अट घालून इंडेक्स केला. मग रेककाउंट म्हणणार दहा हजार आणि ऑर्डकीकाउंट म्हणणार, नाशिककर सहाशेच. त्यावर स्कोप, म्हणजे ‘या कीपासून त्या कीपर्यंत’ अशी मर्यादा, लावला तर आकडा आणखी खाली. चांदणीवाल्यांच्या कीज मात्र इथेही मोजल्या जातात. डिलीट केलेल्या नोंदी लपवणाऱ्या ‘सेट डिलीटेड ऑन’नेही त्या इंडेक्समधून जात नाहीत.

खरी धमाल ‘युनिक’ इंडेक्सची. शहरावर तो केला की प्रत्येक शहराची एकच की, म्हणून कीज मोजल्या की शहरं मोजून झाली. फुकटात! आता ज्या नोंदीच्या नावावर सातारची की आहे, तिचं शहर बदलून सांगली करा. फाइलीत सातारकर पन्नास असले तरी इंडेक्समधून सातारा गायब. पुन्हा इंडेक्स बांधेपर्यंत परत येत नाही. माझ्या मते या भाषांमधला हा सगळ्यात खोडकर कोपरा.

क्लिपरच्या एनटीएक्स इंडेक्समध्ये एकूण कीजचा आकडा कुठेच लिहिलेला नसतो. १०२४ बाइटांच्या प्रत्येक पानावर त्या पानापुरता असतो, म्हणून पानं चाळून बेरीज करावी लागते. एवढा खटाटोप कशाला? स्क्रोलबारसाठी! आपण कितव्या कीवर आहोत आणि एकूण कीज किती, हे कळलं तरच त्याचा ठोकळा योग्य जागी बसतो.

हे घराणं मुळातच अवलिया. अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजेसाठी आकडेमोड करता करता एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. नाव ‘व्हल्कन’, ‘स्टार ट्रेक’मधल्या स्पॉकच्या ग्रहावरून. विकताना तो थेट ‘डीबेस टू’ झाला. ‘वन’ कधी आलाच नाही. विकणारी कंपनी ॲश्टन-टेट. त्यातले टेट म्हणजे जॉर्ज टेट, खरेखुरे. ॲश्टन नावाचे भागीदार नव्हतेच!

फॉक्सप्रोची नवी आवृत्ती आणणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केलं. डीबीएफ मात्र टिकून आहे. आजही नकाशाची शेपफाइल घेतली की तिच्यासोबत एक डीबीएफ येते, आणि नोंदींचा आकडा अजूनही पाचव्या बाइटापासूनच सुरू होतो.