खुबा केवळ म्हातारीचाच मोडत नाही

मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक कमरेच्या हाडातील खोबणीत जेथे बसते, त्या सांध्याला खुबा म्हणतात. आणि उतारवयात साध्या पडण्यानेही जे मोडते, ते बहुधा या टोकाखालचे निमुळते हाड, म्हणजेच मांडीच्या हाडाची मान, किंवा तिच्या लगतचा खालचा भाग असतो. वाशिम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावात, अन्यत्रही, हे म्हाताऱ्या बायांचे दुखणे मानले जाते. हा समज निराधार नसला तरी अर्धाच खरा आहे.

दिनेश धनवाल आणि सहकाऱ्यांनी हरियाणातील रोहतक जिल्ह्यात केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पन्नाशीपुढील दर लाख स्त्रियांमागे वर्षाला १५९, तर दर लाख पुरुषांमागे १०५ जणांचा खुबा मोडल्याचे आढळले. पाश्चात्त्य देशांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असते. येथे मात्र अंतर बरेच कमी आहे.

स्त्रीच्या बाबतीत मुख्य कारण सर्वपरिचित आहे. हाड आयुष्यभर झिजत आणि भरत असते, त्या झिजेला इस्ट्रोजेन हे संप्रेरक आवर घालते, आणि पाळी गेल्यावर ते घटले की पुढची काही वर्षे हाड भराभर विरळ होते. आतील जाळीचे धागेच तुटतात व ते पुन्हा जुळत नाहीत. मुळात स्त्रीचे हाड लहान, म्हणून शिल्लकही थोडी. पाळी जितकी लवकर जाते तितका इस्ट्रोजेन कमी असण्याचा काळ लांबतो, आणि म्हणूनच बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न हाडांचाही प्रश्न ठरतो: २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सोबत अंडाशयेही काढली तर इस्ट्रोजेन एकदम तुटते, आणि ती राखली तरी रजोनिवृत्ती काहीशी अलीकडे येऊ शकते.

पुरुषांत असा अचानक घसरणीचा टप्पा नसतो. त्यांच्या हाडांचे धागे तुटण्यापेक्षा बारीक होत जातात. आणि त्यांच्याही हाडाची राखण बऱ्याच अंशी इस्ट्रोजेनच करते, जे त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून तयार होते, ही बाब फार थोड्यांना ठाऊक असते. त्यामुळे पुरुषाचा खुबा मोडला की मागे बहुधा आणखी काही तरी असते: वर्षानुवर्षांची बिडी, दारू, प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दिलेली संप्रेरकरोधक औषधे, किंवा दम्यासाठी अथवा सांधेदुखीच्या निनावी पुड्यांतून पोटात गेलेले स्टिरॉइड. यांपैकी स्टिरॉइड स्त्रियांनाही तितकेच घातक असते, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ रोज घेतल्यास थोड्या मात्रेतही हाड पोखरते.

हाड कच्चे असले तरी ते मोडायला बहुतेक वेळा पडावे लागते, विशेषतः कुशीवर. स्त्रिया बहुधा घरात पडतात, म्हणजे न्हाणीतल्या ओल्या फरशीवर किंवा रात्री अंधारात उंबरठ्याला ठेच लागून. पुरुष त्यामानाने घराबाहेर अधिक पडतात, मग ते धुऱ्यावरून असो, बंडीतून असो की मोटरसायकलवरून. इंग्लंडमधील शेफील्ड येथे २००८ साली तयार झालेली ‘फ्रॅक्स’ ही गणनपद्धती वय, वजन, आईवडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, मद्यपान आदींवरून स्त्री-पुरुषांची जोखीम वेगवेगळी मोजते, पण तिच्या मूळ स्वरूपात पडण्याचा विचार नाही. ओल्या न्हाणीची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

मोडल्यानंतरचे चित्र मात्र उलटते. खुबा मोडलेल्या पुरुषांपैकी पहिल्या वर्षात दगावणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा जास्त असते, कारण ते बहुधा आधीच इतर आजारांनी खचलेले असतात. असे असूनही हाड बळकट करणारे औषध पुरुषांना कमी वेळा दिले जाते. अकोल्याच्या किंवा वाशिमच्या दवाखान्यात सळई बसवून गावी परतलेल्या पुरुषाच्या हाडाची घनता तपासावी, हे घरच्यांना सुचत नाही आणि डॉक्टरही क्वचितच सुचवतात. खरे तर सूचना त्याआधीच मिळालेली असू शकते. पन्नाशीनंतर हात टेकून पडताना मनगट मोडले, तर पुढे खुबा मोडण्याची शक्यता स्त्री-पुरुष दोघांतही वाढते, आणि ही वाढ पुरुषांत अधिक ठळक दिसते. परंतु हाडवैद्याच्या पट्टीने ते मनगट सहा आठवड्यांत जुळले की पुरुषाच्या बाबतीत तो विषय तेथेच संपतो.