मोजले जातात ते ब्राउझर

एखाद्या संकेतस्थळाला महिन्यात लाखभर लोकांनी भेट दिली, असं सांगितलं जातं तेव्हा प्रत्यक्षात मोजलेले असतात ते ब्राउझर. सर्व्हरला माणूस दिसतच नाही. त्याच्याकडे येते ती मागणी: हे पान दे, हे चित्र दे. पानावर २० चित्रं असतील, तर ते एकदा उघडलं तरी २१ मागण्या नोंदल्या जातात. एके काळी याच ‘हिट्स’ अभिमानाने मिरवल्या जात.

१९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी कुकी आणली. सर्व्हरने ब्राउझरमध्ये ठेवायची आणि ब्राउझरने पुढच्या खेपेला परत दाखवायची ही चिमुकली नोंद. नेटस्केपच्या स्थळावर आलेला पाहुणा आधी येऊन गेला आहे का, हे पाहण्यासाठीच तिचा पहिला वापर झाला.

पण आलेला वाचक गेला कधी? पान उघडं ठेवून चहाला उठलेला आणि कायमचा निघून गेलेला, सर्व्हरला दोघंही सारखेच गप्प. जॉर्जिया टेकच्या लारा कॅटलेज आणि जेम्स पिटको यांनी तिथल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझरमधल्या हालचाली नोंदवल्या. दोन कृतींमधलं सरासरी अंतर निघालं ९.३ मिनिटं. त्यात दीड प्रमाण विचलन मिळवून त्यांनी मर्यादा धरली साडेपंचवीस मिनिटं: तेवढा वेळ काहीच हालचाल नसेल, तर भेट संपली. पुढे ३० मिनिटांचा प्रघात पडला; भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये वेगळं काही ठरवलं नाही, तर आजही तोच लागू होतो.

आता हिशेब पाहा. सकाळी ९ वाजता फोनवर बातमी वाचली, पावणेदहाला त्याच फोनवर पुन्हा डोकावलं, दुपारी ऑफिसच्या संगणकावर तेच पान उघडलं. भेटी ३, अभ्यागत (म्हणजे वेगवेगळे ब्राउझर) २, माणूस एकच. उलट, घरातला एकच संगणक चौघं वापरत असतील, तर अभ्यागत एकच.

बेरीज करताना तर फार जपायला हवं. भेटींचे रोजचे आकडे मिळवून महिन्याचा आकडा साधारण मिळतो. अभ्यागतांचा मिळत नाही, कारण रोज येणारा वाचक त्या बेरजेत ३० वेळा शिरतो. जाहिरातदारासमोर अशी बेरीज मांडणं म्हणजे सरळ फसवणूक आहे.

त्यात कुकीचं आयुष्य कमी होत चाललं आहे. पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी सफारी ब्राउझर २०१९ पासून ७ दिवसांत पुसतो. त्यामुळे आयफोनवरून दर दहा दिवसांनी येणारा जुना, निष्ठावान वाचक अहवालात बहुधा प्रत्येक वेळी ‘नवा’ म्हणूनच उमटतो.