आगबोटीचा प्रवास : पूर्वतयारी आणि शिष्टाचार

आपलें दोडामार्ग समुद्रकांठीं वसलेलें नाहीं. तरी समुद्र आपणांस परका नाहीं. पश्चिमेस वेंगुर्ल्याचें बंदर, आणि गोव्याच्या बाजूस मांडवीकांठची पणजी व त्यापलीकडचें मुरगांव, हीं सर्व एका दिवसाच्या वाटेच्या आंतच आहेत. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांच्या काळीं मुंबईस जाणें म्हणजे बोटीनें जाणें, असाच अर्थ होता. मुंबईहून सुटलेली आगबोट जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत घेत पणजीस पोंचे. कित्येक ठिकाणीं ती धक्क्यास न लागतां खोल पाण्यांत उभी राही, आणि उतारू पडावांतून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यांत ही वाहतूक बंद असे.

पुढें रस्ते सुधारले, मोटारी वाढल्या, १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें खुली झाली, आणि बोट लोकांच्या सवयींतून गेली. आतां ती निराळ्या रूपानें परत येत आहे. ऑक्टोबर २०१८ मध्यें मुंबई व गोवा यांच्या दरम्यान ‘आंग्रिया’ नांवाची प्रवासी बोट सुरू झाली. ती पुढें बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही अनेक मजल्यांची बोट मुंबईहून गोवा, लक्षद्वीप इत्यादि ठिकाणच्या सफरी करूं लागली. अशा सफरीस हल्लीं सर्वत्र ‘क्रूझ’ म्हणतात. पूर्वींची बोट मुक्कामास पोंचविण्यासाठीं असे. क्रूझमध्यें बोट हाच मुक्काम. जेवणखाण, निद्रा, करमणूक, सर्व तेथेंच.

आपल्या गांवांतूनही कांहीं कुटुंबें अशा सफरीचा बेत करूं लागलीं आहेत. त्यांस आणि विद्यार्थ्यांस उपयोगी पडाव्या अशा कांहीं गोष्टी येथें सांगावयाच्या आहेत. त्या सर्वांच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे : जमिनीवर शिष्टाचार हा शोभेचा विषय वाटला, तरी बोटीवर तो सुरक्षिततेचा विषय आहे. तेथें एकाचें वर्तन सर्वांच्या सुखाचें, आणि प्रसंगीं सर्वांच्या प्राणांचें, कारण होतें.

तिकीट काढण्यापूर्वीं

प्रथम हंगाम पाहावा. जून ते सप्टेंबर हे महिने आपल्या किनाऱ्यावर खवळलेल्या समुद्राचे. नवख्या उताऱ्यानें हिवाळ्यांतील दिवस निवडावे हें उत्तम.

दुसरें, खर्चाचा अंदाज. जाहिरातींत जो आंकडा ठळक छापलेला असतो, त्यांत सरकारी कर, बंदराचे आकार व सेवकांसाठीं घेतला जाणारा आकार हीं सर्व धरलेलीं असतातच असें नाहीं. जेवण बहुधा भाड्यांत येतें. पण कांहीं पेयें, कपडे धुणें, बंदरावरील सहली व बोटीवरील इंटरनेट यांचे पैसे निराळे पडतात. शेवटीं द्यावयाची रक्कम किती, हें लेखी विचारून घ्यावें व मगच होकार द्यावा.

तिसरें, कागदपत्रें. देशांतल्या देशांत जावयाचें असल्यास प्रत्येकाचें ओळखपत्र लागतें. लहान मुलांसाठीं कोणता दाखला चालेल हें कंपनीस आधींच विचारावें. लक्षद्वीपास जाण्यास प्रवेश-परवाना लागतो. तो कंपनी काढून देते कीं स्वतः काढावयाचा, हेंही विचारावें. परदेशीं बंदर घेणारी सफर असल्यास पारपत्र हवें, आणि त्याची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक असलेली बरी. मुलांच्या पारपत्राची मुदत मोठ्यांच्या मानानें लवकर संपते. तिकडे पालकांनीं विशेष लक्ष द्यावें.

चौथें, आणि आपल्या भागांतील मनुष्यास सर्वांत महत्त्वाचें : बोट कोणासाठींही थांबत नाहीं. एस. टी.च्या गाडीस हात केला तर चालक क्वचित् दया करील. कप्तानास तशी दया करतां येत नाहीं, कारण बंदरांतून निघण्याची त्याची वेळ भरती, वाटाड्या व धक्क्यावरील पुढची बोट यांवर ठरलेली असते. शिवाय बोट सुटण्याच्या बऱ्याच आधीं आंत घेणें बंद होतें. म्हणून मुंबईहून बोट असेल तर सावंतवाडीहून रेल्वेनें आदल्या दिवशींच मुंबई गांठावी.

सामान

मोठी पेटी धक्क्यावर सोंपवावयाची असते, आणि ती खोलीच्या दारापर्यंत येण्यास कांहीं तास लागतात. म्हणून औषधें, चष्मा, कागदपत्रें, पैसे व एक वेळचे कपडे हातांतील लहान पिशवींत ठेवावे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनीं औषधें दोन-तीन दिवस पुरून उरतील इतकीं न्यावीं. समुद्रांत औषधाचें दुकान कोठून मिळणार?

इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती असल्या वस्तु नेऊं नयेत. बोटीस सर्वांत मोठें भय पाण्याचें नसून आगीचें असतें. घरास आग लागली तर अंगणांत धांवतां येतें, बोटीस अंगण नाहीं. घसरणार नाहींत असे रबरी तळव्यांचे जोडे अवश्य न्यावे, व रात्रीच्या वाऱ्यासाठीं एक गरम वस्त्र.

बोट कां हालते?

विद्यार्थ्यांनीं हें नीट समजून घ्यावें. मधोमध टेकू दिलेली लांब फळी घ्या. तिचीं टोंकें खूप वर-खालीं होतात. मध्यभाग जवळजवळ स्थिर राहतो. लाटांवरील बोटीची गत अशीच आहे. पुढचा व मागचा भाग अधिक हालतो. आणि बाजूंकडे कलतांना वरचे मजले अधिक झुलतात. म्हणून ज्यास बोट लागण्याची भीति असेल त्यानें मध्यभागीं व खालच्या मजल्यावर खोली मागावी. ती बहुधा स्वस्तही असते.

बोट लागते ती पोटामुळें नव्हे, तर डोळे व कान यांच्या भांडणामुळें. आपल्या कानाच्या आंत शरीराचा तोल ओळखणारें इंद्रिय असतें. बंद खोलींत डोळे सांगतात, ‘सर्व स्थिर आहे’. कान सांगतो, ‘आपण हालत आहों’. या विसंगतीनें मेंदू गोंधळतो व मळमळ सुरू होते. उपाय त्यावरूनच सुचतो : उघड्या डेकवर येऊन दूर क्षितिजाकडे पाहावें, म्हणजे डोळे व कान यांची साक्ष जुळते. पुस्तक किंवा मोबाईल पाहूं नये. पोट अगदीं रिकामें किंवा तुडुंब भरलेलें नसावें. कित्येकांस आल्याच्या तुकड्यानें बरें वाटतें. गोळी घ्यावयाची तर वैद्याच्या सल्ल्यानें, आणि त्रास होण्याच्या आधीं.

पहिलें काम : संकटसमयाचा सराव

बोटीवर पाऊल ठेवतांच बहुतेकांचें लक्ष भोजनगृहाकडे व पोहण्याच्या हौदाकडे जातें. तें स्वाभाविक आहे. पण पहिलें काम दुसरें आहे. प्रत्येक उताऱ्यास संकटसमयीं कोठें जमावयाचें, लाइफ-जॅकेट कसें बांधावयाचें, आणि सात किंवा अधिक आंखूड व त्यानंतर एक लांब शिटी वाजली म्हणजे काय समजावयाचें, हें शिकवितात. हा सराव कंटाळवाणा वाटतो. लोक गप्पा मारतात, चित्रें काढतात, कांहीं खोलींत लपून राहतात. या सरावास केवढी किंमत मोजावी लागली आहे, हें त्यांस ठाऊक नसतें.

१५ एप्रिल १९१२ रोजीं ‘टायटॅनिक’ बुडाली. बोटीवर सुमारें २,२०० माणसें होतीं, आणि बचावाच्या होड्यांत जागा ११७८ जणांपुरतीच होती. पंधराशेंहून अधिक लोक मरण पावले. त्यानंतर १९१४ मध्यें लंडन येथें राष्ट्रांनीं समुद्रावरील जीवितरक्षणाचा करार केला. आजचे नियम त्याच वंशांतले. जानेवारी २०१२ मध्यें इटलीच्या किनाऱ्यानजीक ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही प्रचंड बोट खडकावर आपटली व ३२ जणांचा अंत झाला. त्याच दिवशीं चढलेल्या शेंकडों उतारूंचा सराव व्हावयाचा होता. तो दुसऱ्या दिवशीं ठरला होता. तेव्हांपासून बोट निघण्यापूर्वीं किंवा निघतांच सराव घेतलाच पाहिजे, असा नियम झाला.

आपणांस याहून जवळचा दाखला आहे. १७ जुलै १९४७ रोजीं ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अमावास्येच्या सणासाठीं घरीं जाणाऱ्यांची तिजवर गर्दी होती. वाटेंत वादळी पावसानें तिला गांठलें. एका बाजूनें पाणी आंत येऊं लागलें, तसे घाबरलेले लोक एकदम दुसऱ्या बाजूस धांवले, आणि बोट कलंडली, असें वांचलेल्यांनीं सांगितलें. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. रेवसच्या बाजूच्या कोळीबांधवांनीं कित्येकांस आपल्या होड्यांत ओढून घेऊन वांचविलें. वाऱ्या-लाटांवर मनुष्याची सत्ता नाहीं. परंतु गर्दीनें एका बाजूस धांवणें किंवा न धांवणें हें मात्र मनुष्याच्या हातचें आहे. तें भीतीच्या क्षणीं शिकतां येत नाहीं. आधींच शिकलेलें असावें लागतें.

मालवणहून सिंधुदुर्ग किल्ला पाहावयास जाल, किंवा सहलींत घारापुरीस जाल, तेव्हां त्या लहान होडींतही हाच नियम. तांडेल सांगेल तेथें बसावें, छायाचित्रासाठीं सर्वांनीं एका कडेस जमूं नये, लाइफ-जॅकेट मांडीवर न ठेवतां अंगांत घालून बांधावें. आणि होडी प्रमाणाबाहेर भरलेली दिसली तर पुढच्या खेपेची वाट पाहावी.

बोटीवरील शेजारधर्म

बोटीवरील खोल्यांच्या भिंती पातळ असतात. रात्रीं मार्गिकेंत मोठ्यानें हांका मारणें, दारें आपटणें, मुलांनीं धांवाधांव करणें वर्ज्य समजावें. डेकवरील खुर्चीवर सकाळीं पंचा टाकून ती दिवसभर अडवून ठेवणें हा अन्याय आहे. लिफ्टमध्यें वृद्धांस व चाकांच्या खुर्चींतील माणसांस आधीं जाऊं द्यावें.

भोजनगृहांत शिरण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे. हा केवळ स्वच्छतेचा संस्कार नव्हे : अनेकजण एकाच ठिकाणीं जेवतात, एकच पळी अनेक हातांत फिरते, आणि एकाच्या आजारानें जुलाब-वांत्यांची सांथ सर्व बोटीवर पसरूं शकते. कोणास तसा त्रास झाला तर तो न लपवितां बोटीवरील डॉक्टरांस कळवावा. ताटांत लागेल तेवढेंच घ्यावें. पुन्हां घेण्यास बंदी नसते, टाकण्यास मात्र लाज वाटली पाहिजे. कागद, बाटली, प्लास्टिक यांपैकीं कांहींही समुद्रांत फेंकूं नये. प्लास्टिक समुद्रांत टाकण्यास तर आंतरराष्ट्रीय नियमानें सर्वत्र बंदी आहे. जो कचरा तेथें पडेल तो उद्यां आपल्याच एखाद्या रापणकाराच्या जाळ्यांत येईल.

आणि सेवकवर्गाशीं सभ्यतेनें वागावें. जगांतील बोटींवर गोव्याचे व कोंकणचे खलाशी, आचारी व खोली-सेवक पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत; मुंबईंत त्यांच्या गांवोगांवच्या ‘कुड’ नांवाच्या वसतिसंस्था आहेत. तुमची चादर बदलणारा तरुण महिनेच्या महिने घर सोडून आलेला असतो. तो कदाचित् डिचोलीचा असेल, कदाचित् सावंतवाडीचा. त्यास नांवानें हांक मारावी, ‘कृपया’ म्हणावें, आभार मानावे. चुटकी वाजवून बोलावणें हें कोणत्याही पैशानें विकत मिळत नाहीं.

बंदरावर उतरतांना

परत येण्याची शेवटची वेळ कोणती हें पाहून, घड्याळ बोटीच्या घड्याळाशीं जुळवून, मगच उतरावें. बोटीचें ओळखकार्ड, धक्क्यावरील कचेरीचा दूरध्वनी-क्रमांक व थोडे रोख पैसे जवळ असावे. त्या वेळेच्या निदान एक तास आधीं परतावें. जो मागें राहिला त्यास पुढचें बंदर स्वखर्चानें गांठावें लागतें.

‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत संत पौलाच्या गलबतप्रवासाचें वर्णन आहे. वादळांत सांपडलेल्या त्या गलबतावर दोनशें शहात्तर माणसें होतीं. खलाशी होडी सोडून गुपचूप निसटूं पाहत होते. सर्व एकत्र राहिले तरच वांचतील, असें पौलानें शिपायांस बजाविलें, आणि पहाटे सर्वांस धीर देऊन जेवावयास लावलें. गलबत फुटलें, पण एकही मनुष्य बुडाला नाहीं. पौल त्या गलबतावर कप्तान नव्हता; तो बेड्या पडलेला कैदी होता. म्हणजे बोटीवर उपयोगी पडण्यास अधिकार लागत नाहीं. शांत मन व शेजाऱ्याची काळजी एवढें पुरतें. विद्यार्थ्यांनो, ही संवय बोटीवर चढण्याची वाट न पाहतां शाळेच्या रांगेंत, एस. टी.च्या गाडींत आणि घरच्या पंगतींतच लावून घ्या. ज्यास ती लागली, त्याच्यासह कोणतीही बोट अधिक सुरक्षित होईल.