मामा, भाचा आणि न्यायासन

दहशतवादाविरुद्धच्या युद्धासंबंधी घरोघर जो वाद होतो तो बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन अडतो. असल्या नराधमांस वकील, साक्षीपुरावा, अपील हे सोपस्कार हवेत कशाला? तरुण मंडळी हा प्रश्न तावातावाने विचारतात व वडील मंडळी माना डोलावतात. आमचे मत निराळे आहे, आणि ते दयेपोटी बनलेले नाही. एका मामाभाच्याच्या हकिकतीवरून बनले आहे.

भाचा रमझी युसूफ. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्क येथील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात त्याच्या टोळीने स्फोटकांनी भरलेली मोटार उडवून दिली. सहा माणसे प्राणास मुकली व हजारावर जखमी झाली. १९९५ च्या फेब्रुवारीत तो इस्लामाबादेस सापडला. त्यास न्यूयॉर्कच्या नेहमीच्या न्यायालयात, नेहमीच्या कायद्याने, ज्यूरीपुढे उभे करण्यात आले, आणि जानेवारी १९९८ मध्ये जन्मठेप व वर २४० वर्षे अशी शिक्षा झाली. सापडल्यापासून अवघी तीन वर्षे लागली.

मामा खालिद शेख महंमद. ११ सप्टेंबर २००१ रोजी त्याच इमारती विमानांनी पाडणाऱ्या कटाचा सूत्रधार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेने गुन्हा हा शब्द टाकून युद्ध हा शब्द पत्करला. रणांगणावरील फळ सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे: अफगाणिस्तानातून ज्या तालिबानांस २००१ मध्ये हुसकले तेच २०२१ मध्ये काबूलच्या गादीवर परत आले. ते असो. शब्द बदलला तशी कैद्यांस वागविण्याची रीतही बदलली, ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते.

मामा १ मार्च २००३ रोजी रावळपिंडीस सापडला. त्यास न्यायालयात न नेता गुप्त कोठड्यांतून फिरविले. तोंडावर कापड टाकून पाणी ओतावयाचे व बुडत असल्याचा भास उत्पन्न करावयाचा, हा प्रयोग त्याजवर १८३ वेळा झाल्याचे अमेरिकेच्या सरकारी कागदांतच नमूद आहे. २००६ मध्ये त्यास क्यूबातील ग्वांटानामोच्या तळावर आणले. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला भरण्याचे ठरले, ते राजकीय विरोधामुळे बारगळले. मग लष्करी न्यायमंडळ. मग छळानंतरची जबानी पुराव्यात घ्यावी की न घ्यावी, याचा वर्षानुवर्षे चाललेला खल. जुलै २०२४ मध्ये, फाशी टळावी या अटीवर गुन्हा कबूल करण्याचा करार झाला. दोन दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी तो मागे घेतला, व जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही तो मोडीत काढला. म्हणजे सापडून बावीस वर्षे उलटली तरी खरा खटला उभा राहिलाच नव्हता! मृतांच्या कित्येक आईबापांनी निकालाची वाट पाहतच डोळे मिटले. सूड तरी मिळाला म्हणावे, तर तोही नाही.

आता आपल्या मुंबईकडे वळू. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे बळी पडली. तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलून कसाबला धरून ठेवले म्हणून तो जिवंत हाती लागला. त्याचे वकीलपत्र घेण्यास प्रथम कोणी धजेना. तरी सरकारी खर्चाने त्यास वकील मिळाला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाचा निकाल लागला, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, व २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यास ती अमलात आली. चार वर्षांस पाच दिवस कमी होते. त्याच खटल्यात दोघे सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले आणि वरिष्ठ न्यायालयांनीही ती सुटका उचलून धरली. आमच्या मते त्या खटल्याची प्रतिष्ठा फाशीइतकीच या सुटकेत आहे.

कोणी म्हणेल, कसाब हातात बंदूक असताना छायाचित्रांत टिपला गेला होता, तेव्हा खटला सोपाच होता. हे खरे. त्यास धाडणारे पाकिस्तानात सुरक्षित राहिले, हेही खरे. शिवाय आमची न्यायालये सदैव तत्पर असतात असेही नाही. १९९३ च्या मुंबईतील स्फोटांचे निकाल लागावयास २००६-०७ साल उजाडले.

परंतु ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांतील स्फोटांचे काय झाले ते पाहावे. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांस दोषी ठरविले होते. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांस निर्दोष ठरविले. कबुलीजबाब छळाने घेतलेले असल्याने विश्वासार्ह नाहीत, हे त्याच्या कारणांपैकी एक मुख्य कारण होते. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. कोठडीत ज्यांनी हात उगारला त्यांस आपण काम लवकर उरकीत आहो असेच वाटले असेल. त्या संध्याकाळी ज्यांची माणसे घरी परतली नाहीत त्यांस मात्र, गाड्यांत बॉम्ब कोणी ठेवले याचे उत्तर एकोणीस वर्षांनंतर पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागले.